पाचवी घडी

“आजी, घडीचं गाणं म्हण ना.”

भिंगरीनं हे तिसऱ्यांदा सांगितलं. ती खाटेवर उताणी पडली होती. मनगटात सुई खुपसून वर पांढरी पट्टी चिकटवलेली. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि पाणी मागून मिळणार नाही हे तिला सकाळी दोनदा रडून कळलं होतं. म्हणून आता ती गाणं मागत होती.

आजी उशाशी स्टुलावर बसली होती. सहा वर्षांच्या या पोरीचं भिंगरी हे नाव तिनंच ठेवलेलं. पाय फुटले तेव्हापासून पोर एका जागी कधी ठरली नाही. जेवायची ती उभ्यानं, झोपायची ती पलंगभर गरगरत. चार महिन्यांपूर्वी ही भिंगरी आपोआप मंद झाली. आधी सगळे म्हणाले, शहाणी झाली. मग अंघोळ घालताना आईच्या हाताला पोटात डाव्या अंगाला काहीतरी कडक लागलं. गाठ. मूत्रपिंडाला धरून बसलेली. काढायलाच हवी, डॉक्टर म्हणाले, आणि लवकर.

नऊला तिला आत नेणार होते. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजत आले होते. सून खिडकीशी डोळे मिटून उभी होती, तिचे ओठ हलत होते. गाठ सापडल्यापासून ती अशीच उभी असायची, भांडी घासता घासता, जिन्यात, बसच्या थांब्यावर. सासूलाही विचारायची, आई, तुम्ही बोलता ना देवाशी? आजी हो म्हणायची. खरं म्हणजे तिला जमत नव्हतं. नवरा आजारी होता तेव्हा तिनं इतकं मागितलं होतं, इतक्या वेळा, की शब्द घासून घासून पातळ झाले, जुन्या चादरीसारखे. आता डोळे मिटले की पहिल्या दोन शब्दांनंतर पुढचं सुचायचंच नाही. थकवा तेवढा यायचा.

“म्हण ना गं.”

“म्हणते.” आजीनं घसा खाकरला आणि हलक्या आवाजात सुरू केलं.

*पहिली माझी घडी, आतलं बाहेर,*
*बाह्यांना माहेर, पोटापाशी.*

हे गाणं तिनंच रचलं होतं, एकतीस वर्षांपूर्वी, याच हॉस्पिटलच्या तळघरात. वर ऑपरेशन चालतात, खाली त्यांचे कपडे धुतले जातात, वाळतात, आणि मग शेवटच्या लांब टेबलावर तिच्यापाशी येतात. डॉक्टरांचा झगा, अंगावर पांघरायच्या चादरी, हात पुसायचे टॉवेल. प्रत्येक झगा आधी बल्बसमोर धरून बघायचा, टाचणीएवढं भोक दिसलं तरी बाजूला. मग घडी. ती अशी की डॉक्टरनं धुतलेल्या हातानं उचलला तर हाताला आतलीच बाजू लागावी, बाहेरच्या बाजूला कुणाचं बोट लागू नये. घडी चुकली तर झगा फुकट. नव्या बायका आल्या की आजी त्यांना गाणं शिकवायची. म्हणायची, डोकं घरी राहतं गं बायांनो, पोराच्या तापापाशी, दुधाच्या पातेल्यापाशी. गाणं मात्र हातात राहतं. हातांना गाण्यामागून जाऊ द्या. वरच्या मजल्यांवर तिचा चेहरा कुणाला फारसा माहीत नव्हता. तिची घडी माहीत होती.

*चौथी माझी घडी, पुसायाला हात,*
*टॉवेल हा आत, ठेव बाई.*

भिंगरीला गाणं तोंडपाठ होतं. आजी एकेक ओळ म्हणायची आणि पोर बिनआवाजाचे ओठ हलवायची. शेवटचं कडवं मात्र तिचं ठरलेलं, ते ती एकटीच म्हणायची. कोरड्या जिभेनं तिनं म्हटलं:

*पाचवी माझी घडी, पट्टीची गं खूण,*
*घातल्यावाचून, बांधू नको.*

आजीचा हात तिच्या केसांत होता. तो तिथंच राहिला.

काल दुपारी तिनं पाचवं कडवं असं म्हटलंच नव्हतं.

काल टेबलाशी ती एकटी होती. आजच्या ऑपरेशनच्या कपड्यांचे अकरा पुडे बांधायचे होते. कुणाचं ऑपरेशन ते तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. पहिल्या पुड्याला चार कडवी नेहमीसारखी झाली, आणि पाचवं म्हणायला तोंड उघडलं तर त्यातून भलतंच आलं.

*पाचवी माझी घडी, देवा तुझ्या दारी,*
*पोर माझी तारी, एवढीच.*

तिचं तिलाच नवल वाटलं होतं. इतके दिवस अडलेलं मागणं असं सहज, घडीच्या चालीवर बाहेर आलं. दुसऱ्या पुड्याला तिनं पुन्हा तेच म्हटलं. मग तिसऱ्याला. अकराव्या पुड्यापर्यंत डोळे गळत होते आणि अंग पिसासारखं हलकं झालं होतं. खूप दिवसांनी तिला रात्री झोप लागली.

आणि हात तर गाण्यामागून जाणारे. गाण्यात पट्टी नाही, तर हातानं पट्टी कुठून घालावी?

“आले हं,” ती भिंगरीला म्हणाली आणि उठली.

तळघराचा जिना उतरताना ती स्वतःला समजावत होती की घातली असेल, सवयीनं घातलीच असेल. टेबलाच्या खणात पट्ट्यांचं पाकीट होतं. बोटाएवढ्या कागदी पट्ट्या त्या. पुड्याच्या पोटात एक ठेवायची, मग पुडा वाफेच्या यंत्रात जातो. वाफ आतपर्यंत पोचली तर पट्टी काळी पडते. वर पुडा उघडला की नर्स आधी पट्टी बघते, मग कपड्याला हात लावते. काल सकाळी आजीनं नवं पाकीट काढून ठेवलं होतं. त्याची कड अजून फाडलेली नव्हती.

वाफेच्या यंत्रावरच्या माणसाला सगळे वाफेकर म्हणत. खरं आडनाव पगारपत्रकातच काय ते उरलं असेल. तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, तरी तिला मावशी म्हणायचा, आणि ती त्याला म्हणायची, मला म्हातारी करून तुम्ही जवान राहा. आज तिनं काहीच न म्हणता पाकीट त्याच्यापुढे धरलं. त्यानं पाकिटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, किती?

“अकराच्या अकरा.”

वाफेकर यंत्राच्या दाराला टेकला. म्हणाला की पुडे त्यानं स्वतः लावले, दाबाचा काटा स्वतः पाहिला, पूर्ण वेळ दिला. बाहेरच्या चिकटपट्टीवरचे पट्टे काळे झालेत. एवढ्या वर्षांत त्याची वाफ कधी खोटं बोलली नाही. मग आवाज उतरवून तो म्हणाला, “मावशी, वर जाऊ नका. वाफ पोचलीय. मी सांगतो ना. सर्जन आठवड्यातून एकदा येतो, आज गेला तर गेला. पोरगी उपाशी पडलीय. आतली पट्टी दिसली नाही तर एखादी सिस्टर चालवूनही घेईल.”

“पोचली असेल,” आजी म्हणाली.

“असेल काय, आहेच.”

“तुम्ही आत जाऊन बघितलंत?”

वाफेकरनं काट्याकडे पाहिलं.

“मग ‘असेल’च की. आणि असं ‘असेल’ उघडून पोरीच्या पोटावर कसं पांघरू, सांगा.”

चार जिने ती कठड्याला धरून चढली. ऑपरेशनच्या दालनाबाहेर लाल रेघ होती. तिच्या चपला त्या रेघेपुढे कधी गेल्या नव्हत्या, आजही ती अलीकडेच थांबली आणि मोठ्या सिस्टरना बोलावणं धाडलं. मोठ्या सिस्टर म्हणजे बोलणं सुईसारखं. टोचलं तरी रक्त नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गाण्याचं आजीनं सांगितलं नाही. लक्ष नव्हतं, एवढंच म्हणाली. सिस्टरनी आत जाऊन एक पुडा उघडला, परत आल्या.

“नाही पट्टी,” त्या म्हणाल्या. “एकतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि मुहूर्त बरा शोधलात मावशी.”



मग सिस्टर भराभर बोलल्या. परवाचे चार चांगले पुडे शिल्लक होते. मोठ्या ऑपरेशनला ते पुरणार नाहीत, पण एका म्हाताऱ्याचं छोटं ऑपरेशन होतं ते त्यात निघेल. त्याला आधी घेऊ, सर्जनना मी सांगते. साडेअकराच्या आत अकरा पुडे माझ्या हातात आले तर पोरीचं आज होईल. साडेअकरानंतर मी सुरू करू देणार नाही, त्यांना तीनला निघायचंय, अर्धवट काम मला नको. मग पुढचा आठवडा. जाताना वळून त्यांनी विचारलं, “घड्या दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का?”

“नको,” आजी म्हणाली. “मीच करते.”

मुलगा जिन्यातच भेटला. बस चालवायचा तो, दिवसभर लोकांचं ऐकून घेणारा, घरी कधी आवाज चढवायचा नाही. त्याला बातमी आधीच लागली होती. त्यानं विचारलं की वाफेकरमामा म्हणतात पुडे चांगले होते, खरं का? ती म्हणाली, असतील.

“मग एक दिवस मूग गिळून बसली असतीस तर काय बिघडलं असतं, आई? पोर पाण्यासाठी भिंत चाटायला लागलीय. आता तिला काय सांगू? आजीनं तुझा नंबर दुसऱ्याला दिला म्हणून सांगू?”

सून त्याच्या मागं उभी होती. तिनं एवढंच विचारलं की किती वेळ लागेल, आणि वेळ ऐकल्यावर पदरानं तोंड पुसून भिंगरीकडे परतली. बोलली असती तर बरं झालं असतं, आजीला वाटलं.

तळघरात वरून परत आलेले अकरा पुडे सोडून ठेवले होते. टेबलाच्या वरच्या अंगाला एक खिडकी होती, रस्त्याच्या पातळीवर. तिच्यातून फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसायचे. आजीनं हात धुतले, कोरडे केले, पाकिटाची कड फाडली. बल्बसमोर पहिला झगा धरला.

देव तिथंच कुठंतरी होता, कालच्यासारखा, जिभेच्या टोकाशी. नुसतं तोंड उघडलं असतं तर मागणं आपलं आपण वाहिलं असतं. तिनं त्याला बाहेर थांबवलं. माझ्या पोरीच्या कामात आज तू येऊ नकोस, ती मनात म्हणाली, मला मोजू दे. आणि पहिल्या कडव्यापासून सुरू केलं. आतलं बाहेर. बाह्या पोटापाशी. कडेला कड. बंद आत. टॉवेल. पट्टी. बांध. शब्द जसे होते तसे, एकही कमी नाही, एकही जास्तीचा नाही. डोळे कोरडे. सातव्या पुड्याला मनगट दुखायला लागलं, तेव्हा ती थांबली नाही, आवाज मात्र बंद झाला, नुसते ओठ हलत राहिले. दारातून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाई देवाचं नाव घेतेय.

वाफेकरनं पुडे आत लावले, दार आवळलं, आणि काट्यासमोर स्टूल घेऊन बसला. त्या तासात त्यानं विडी ओढली नाही, की गंमत केली नाही. एकदाच म्हणाला, माझी नात झाली तेव्हा तुम्ही तिला दुपटं शिवून दिलं होतं मावशी. ती म्हणाली, आठवतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी पुडे वर गेले. साडेअकराला भिंगरीला नेलं. आजी तेव्हा वर नव्हती. मुलगा नंतर म्हणाला की झोपेचं औषध देईपर्यंत पोर आजीला विचारत होती.

दुपारभर आजीनं दुसऱ्या वॉर्डच्या चादरी घडी केल्या. घरी जा, वर जा, सगळ्या बायका म्हणाल्या. वर एकालाच बसू देतात, तिथं तिची आई बसलीय, ती म्हणाली, आणि इथं टेबल तरी आहे. टेबलावर हात होते. ते रिकामे राहू नयेत म्हणून ती एकेक चादर पुढ्यात ओढत राहिली.

पावणेतीनला भिंतीवरचा फोन वाजला. मोठ्या सिस्टर होत्या. पोरगी बाहेर आणलीय, म्हणाल्या. श्वास नीट आहे. गाठ अख्खी निघाली. कसली होती ते तपासायला पाठवलंय, आठ-दहा दिवस लागतील, त्याआधी कुणी काही सांगू शकत नाही. मग थोडं थांबून म्हणाल्या, “अकराही पट्ट्या काळ्या होत्या, मावशी.” आणि फोन ठेवला.

आजी स्टुलावर बसली. वाफेकरनं पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं. आठ-दहा दिवस, ती म्हणाली. कुणाला तरी, किंवा कुणालाच नाही.

तेवढ्यात वरून कपड्यांचं गाठोडं उतरलं. रोज उतरायचं तसंच, पिवळ्या पिशवीत, तोंड आवळलेलं, वर दालनाचा नंबर आणि वेळ लिहिलेली. धुणाऱ्या बाईनं नंबर वाचला, वेळ वाचली आणि हात मागं घेतला. हे आम्ही बघतो मावशी, ती म्हणाली, तुम्ही वर जा आता, जा बघू.

आजीनं खुंटीवरचे रबरी हातमोजे काढले. एकेक बोट नीट बसवत घातले.

“थंड पाणी सोड,” ती म्हणाली. “गरम नको. गरमानं डाग बसतो.”

हौदात पाणी भरत आलं तेव्हा तिनं पिशवी सोडली. सगळ्यात वर ती मोठी चादर होती, मध्ये पोटापुरता चौकोन कापलेली. चौकोनाच्या कडेला ओल होती. ओल फार नव्हती. एवढ्याशा पोरीत असून किती असणार. तिनं चादर चारी कोपऱ्यांनी उचलून पाण्यावर सोडली, हलकेच दाबली आणि धरून ठेवली. पाणी गुलाबी झालं. तिनं ते वाहू दिलं, दुसरं भरलं. दुसरंही गुलाबी झालं, जरा फिकं. तिसऱ्याला ती खाली वाकून निरखून बघत होती. वरच्या खिडकीतून घरी निघालेल्या लोकांचे पाय जात होते.

“अजून एकदा,” ती म्हणाली.

धुणाऱ्या बाईनं नळ सोडला.