व्हर्लाचे दोन कॅन

अमेरिकेतल्या युटाच्या दक्षिणेकडच्या या वाळवंटात मी तीस वर्षं पाठीवर सॅक टाकून फिरतोय आणि तेवढीच वर्षं लोकांना शहाणपण शिकवतोय. कागदाचा कपटासुद्धा मागे ठेवू नका, फोन आणि घड्याळं गाडीत ठेवून या. माझी भाची केना म्हणते, "मामाबरोबर फिरणं म्हणजे सुट्टीतली शाळा." या ऑक्टोबरात ती पहिल्यांदा माझ्याबरोबर आली.

दिवस मी दोरीला गाठी मारून मोजतो. ज्या खडकातल्या कुंडाच्या भरवशावर आम्ही होतो, ते कोरडं निघालं. गाडी अजून एका दिवसावर होती आणि दोघांत मिळून जेमतेम लिटरभर पाणी. दुपारी एका जुनिपरच्या झाडाच्या बुंध्याशी दगडांखाली पाण्याने भरलेले दोन प्लॅस्टिकचे कॅन दिसले. वर जाड पेनने लिहिलं होतं, 'व्हर्ला. १४ ऑक्टोबरला येतेय.'

लांबची वाट चालणारा माणूस असं पाणी आधी येऊन ठेवून जातो आणि मग त्याच्याच जिवावर निघतो. तारखेच्या आत त्याला हात लावायचा नाही, अगदी जीव जात असला तरच. तारीख उलटली की मात्र तो कचरा. हवं तेवढं प्यावं, बाकीचं ओतून कॅन उचलून न्यावेत.

"आज पंधरा," मी गाठी मोजून म्हणालो.

"चौदा आहे, मामा. गाडीजवळ झोपलो त्या रात्री तू एक गाठ मारलीस आणि सकाळी निघताना परत एक."

"तीस वर्षं मोजतोय मी."

"मग एकदा आणखी मोज. काय बिघडतंय?"

मी मोजलं नाही. आम्ही पोटभर प्यालो, बाटल्या भरल्या. मग राहिलेलं पाच-सहा लिटर पाणी मी वाळूत ओतलं, कॅन दाबून चपटे केले आणि सॅकच्या मागे बांधले. वर केनाला वाळवंट स्वच्छ ठेवण्यावर भाषणही दिलं.

तासाभराने कोरड्या ओढ्यातून एक म्हातारी काठी टेकत समोरून आली. सत्तरीची असेल. ओठ फुटलेले, पण चेहरा प्रसन्न.

"कुंड आटलंय ना?" ती म्हणाली. "वाटलंच मला. तुमचं कसं भागतंय? पुढे जुनिपरखाली माझे दोन कॅन आहेत. मागे चला माझ्याबरोबर, अर्धा तुम्हाला देते."

"तुम्हाला पुरेल का?" केनाने विचारलं. ती माझ्याकडे बघत होती.

"पुरवीन, पोरी. ही वाट मी सात वर्षं तुकड्या-तुकड्याने चालतेय. हा शेवटचा तुकडा. पुढच्या महिन्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, त्यानंतर कुठलं चालणं." तिने घड्याळात पाहिलं. "चौदा म्हटलं होतं, चौदालाच आले."

मी तिच्याकडे तोंड करून उभा होतो, कारण पाठ फिरवली असती तर कॅन दिसले असते. खरं सांगतो, तसंच उलट्या पावलांनी निघून जावं असं माझ्या मनात येऊन गेलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तो पाषाण मीच.

"मामा," केना हळू आवाजात म्हणाली, "तू सांगतोस की मी सांगू?"

मी नुसता वळलो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आमच्या भरलेल्या बाटल्या तिच्यापुढे धरल्या, माफी मागितली, काहीबाही बोललो. तीन लिटर. तिला अजून दोन दिवस चालायचं होतं.

"एवढ्या पाण्यात नाही भागायचं," ती म्हणाली. "तुमची गाडी कुठे आहे?"

"उद्या संध्याकाळपर्यंत पोचू," केना म्हणाली.

"येते मग तुमच्याबरोबर."

निघताना मी तिची सॅक घेऊ लागलो, तर तिने हात आडवा केला.

"सॅक राहू दे. ते कॅन सोड आणि इकडे दे. माझा कचरा मी नेते."

दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मी तिच्या मागून चालत होतो. तिच्या पाठीवर ते कॅन एकमेकांवर आपटत होते, आणि त्यांच्यावरचं नाव आणि तारीख मी सगळी वाट वाचत होतो.