रबराचं चाक

आप्पासाहेबांचं पत्र दसऱ्यानंतर लगेच आलं आणि दिवाळी तोंडावर आली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र बंद पाकिटातलं होतं. पाकीट मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं आणि रोज त्याच्यावरच वर्तमानपत्र पसरून वाचत होतो.

आप्पासाहेब माझे व्याही. इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून त्यांचा ऊस आहे. त्यांचा राजवर्धन आणि माझी साक्षी पुण्यात एकत्र शिकले आणि त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. आम्ही बौद्ध, ते गावातले मोठे बागायतदार. लग्नाला आप्पासाहेब आले नाहीत. मुलापुढे काही चाललं नाही म्हणून सुनेला घरात घेतलं, एवढंच. राजवर्धन मालवाहू जहाजावर नोकरीला होता. सहा-सहा महिने बाहेर. सासू साक्षीने पाहिलीच नव्हती, त्या आधीच गेल्या होत्या. म्हणजे त्या मोठ्या घरात ती आणि आप्पासाहेब, दोघंच.

पत्रात शिव्या नव्हत्या. शिव्या असत्या तर बहुधा मी लगेच उत्तर दिलं असतं. निदान तसं मला वाटतं. त्यात लिहिलं होतं की राजवर्धनने पुण्याच्या एका क्लबाकडून घेतलेल्या शिडाच्या नावेचं इंजिन गणपतीत चांगलं चालत होतं. दसऱ्याला, मुलाने जहाजावरून आग्रहाने कळवलं म्हणून, सुनेला त्या इंजिनाची पूजा करू दिली, आणि तेव्हापासून ते तापून बंद पडतं. तुमच्यात ही रीत नाही, म्हणून तिला बोल लावत नाही. पण गावात माणसं बोलतात. तरी मुलगा परत येईपर्यंत मुलीस घेऊन जावे.

मी बारामतीच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. पत्र लिहायचं म्हणजे आधी कच्चं लिहायचं, मग पक्कं, आणि मग दोन्ही फाडायची, ही माझी जुनी खोड. या वेळी कच्चंही होईना. इंजिनातलं मला काय कळतं, आणि साक्षीकडून खरंच काही चुकलं असेल तर, असं वाटत राहिलं. दसऱ्याला आम्ही नवरा-बायको नेहमीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो. आप्पासाहेबांच्या अंगणात काय झालं ते मी पाहिलं नव्हतं. शेवटी मी कॉलेजच्या वाचनालयात जाऊन नावेच्या इंजिनांवरची पुस्तकं काढली.

माझी बायको भागुबाई दोन दिवस हे पाहत होती. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे चहा ठेवत म्हणाली, "पोरीला घरातनं काढाया निघालेत, आन तुमी इंजनाचं वाचत बसलाय."

दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसलो.

साक्षीने दारातच माझ्या हातातली पिशवी घेतली. चेहरा उतरलेला होता, पण बोलणं नेहमीचंच. मी तिला हळूच म्हटलं की थोडे दिवस आईकडे चल, वातावरण निवळेल. तिने नाही म्हणून मान हलवली.

"मी काही केलेलं नाही, बाबा. आज तुमच्याबरोबर आले तर केलं असं होईल."

तेवढ्यात आप्पासाहेब बाहेर आले. पांढरं धोतर, पायात बूट, हातात नावेच्या कुलपाची किल्ली. बसा म्हणाले नाहीत. माझ्याकडे पाहून म्हणाले, "आलासा व्हय. मला वाटलं, पाव्हण्यांस्नी लिवता येत न्हाय. चला, डोळ्यांनीच बगा."

त्यांना साक्षीदार हवा होता. मी निमूट त्यांच्यामागे बांधावरून गेलो. मला पोहता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

नाव लहानच होती. शीड वर चढवल्यावर ती वाऱ्यावर छान सरकली, आणि काही वेळ आप्पासाहेबही बोलायचे थांबले. पाणी काठोकाठ भरलेलं होतं. जुनी शिवारं त्याच्याखाली कुठे तरी होती. ऐन मध्यावर वारा पडला आणि शीड लटकलं. आप्पासाहेबांनी मागे टांगलेलं इंजिन पाण्यात सोडलं आणि दोरी ओढली. ते पहिल्याच झटक्याला सुरू झालं. थोडं अंतर गेलो तोच तापल्या रंगाचा वास येऊ लागला आणि वरच्या झाकणाखालून वाफेसारखं काही निघालं.

"बगा," ते म्हणाले. "पटलं का आता? गणपतीत ह्येच मशीन त्या टोकापातूर जाऊन येत हुतं."

मी पुस्तकात वाचलेलं आठवत होतो आणि ते बरोबर आठवतंय की नाही याची मला खात्री नव्हती. तरी विचारलं, की याच्या मागच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार पडायला हवी, ती पडते का? हे इंजिन खालून बाहेरचं पाणी ओढतं, अंगातून फिरवतं आणि त्यावरच गार राहतं. धार नसेल तर पाणी वर चढत नाही.

आप्पासाहेब मोठ्याने हसले. "म्हंजी मशीन मुततं का न्हाय ते बगायचं म्हना की. पन्नास पुस्तकं वाचून ह्ये शिकलासा?"

पण त्यांनी वाकून पाहिलं. धार नव्हती. त्यांनी इंजिन बंद केलं. मग एकदम म्हणाले की धार पडेल कशी, तुमच्या लेकीने झेंडूची माळ घातली होती, पाकळ्या आत गेल्यात. मी म्हटलं, पाहू या. इंजिन उचलून आडवं केलं. खाली पाणी ओढायच्या फटींना शेवाळाचा एक पुंजका गुंडाळलेला होता. मी तो बोटांनी काढला. पाकळी एकही नव्हती. आप्पासाहेबांनी पुन्हा दोरी ओढली. मी मनात म्हणत होतो की आता धार येऊ दे, शेवाळच निघू दे, म्हणजे कुणालाच काही बोलावं लागणार नाही. धार आली नाही. वास मात्र पुन्हा आला.

परत येताना ते वल्हं मारत होते आणि बोलत होते. साक्षी सकाळी उशिरा उठते, जेवताना वाचते, गड्यांना अहोजाहो करते. मला ते सगळं तिचे गुण वाटले, पण मी नावेची कड धरून बसलो. नाव मध्यातच आहे, एवढंच कळत होतं.

काठाला लागल्यावर मी धीर करून सांगितलं की इंजिनाचा खालचा पाय सुटतो आणि त्यात पाण्याचा पंप असतो. पाकळ्या असल्याच तर तिथे असतील. हे ऐकून त्यांनी लगेच गड्याकडून पाने मागवले. विहिरीवरच्या मोटरी स्वतः खोलणारा माणूस. त्यांचे हात सराईत होते. बाभळीखाली पोतं अंथरून त्यांनी बोल्ट काढले, पाय ओढून वेगळा केला, पंपाचं झाकण उचललं.

आत झेंडू नव्हता, रबराचं एक चाक होतं. त्याला सगळीकडून पाकळ्या असायला हव्या होत्या, रबराच्याच, पाणी ढकलणाऱ्या. त्या उरल्याच नव्हत्या. दोन-तीन खुंट आणि बाकी सगळं वितळून काळं, चिकट झालेलं. आप्पासाहेबांनी ते बोटात धरून फिरवलं.

मी विचारलं, "हे जमिनीवर कधी चालवलं होतं का?"

"दसऱ्याला," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला, अभिमानाने. "मी सोता दोरी वडली. अंगणात लाकडाच्या घोडीवर बांदून, आरती हुईस्तवर. समदा गाव ऐकत हुता. धूर सुटला तर बाया म्हनल्या, धूप चांगला पेटलाय."

"पाण्याबाहेर?"

"मग काय हिरीत?"

असं म्हणाले आणि थांबले. हातातल्या चाकाकडे त्यांनी पुन्हा पाहिलं. मोटर कोरडी चालली की काय होतं, हे त्या तालुक्यातल्या कुठल्याही बागायतदाराला सांगावं लागत नाही. मी पाहत होतो. त्यांना कळलं होतं. मला वाटलं, आता ते काही तरी म्हणतील. त्यांनी चाक बंडीच्या खिशात टाकलं.

"गावाला काय सांगायचं त्ये मी सांगंन," ते म्हणाले. "तुमी हितं काय बगितलं न्हाय. उद्याच्या पयल्या गाडीनं तिला घिऊन जावा."

मला बोलायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. बाहेर आलं ते एवढंच, की साक्षी येणार नाही म्हणते. ते माझ्याकडे पाठ करून बोल्ट गोळा करू लागले.

त्याच संध्याकाळी मी एकटाच निघालो, तेव्हा साक्षी मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत मी तिला सगळं सांगितलं. लग्न झाल्यापासून ती मला नेहमी बजावत असे, की बाबा, बंद अंतर्देशीय पत्रच लिहा. आमच्याकडे पोस्टकार्ड आधी पारावर वाचलं जातं आणि मग घरी येतं. गाडी दिसू लागली तेव्हा तिने माझी पिशवी माझ्या हातात दिली.

"त्यांना उत्तर लिहाल ना?" ती म्हणाली. "लिहाल तेव्हा कार्ड लिहा."

मी तिला म्हटलं की याचा तुला त्रास होईल, घरात तुम्ही दोघंच.

"आता काय कमी आहे?" ती म्हणाली.

घरी येऊन मी भागुबाईला सांगितलं. ती उठून पेटीतून एक कोरं कार्ड घेऊन आली. कच्चं लिहायला मी वही उघडली, तर तिने ती मिटली. मग मी कार्डावरच लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात, कारण पारावर बसणाऱ्यांत म्हातारीच माणसं जास्त.

"आपले पत्र पोचले. उत्तरास उशीर झाला, क्षमस्व. आपल्या इंजिनातले रबराचे चाक जळाले आहे, ते मी पाहिले. असे चाक कोरडे फिरले की जळते. दसऱ्याला आरती होईपर्यंत आपण इंजिन पाण्याबाहेर चालवलेत, हे आपणच मला सांगितलेत. विहिरीवरची मोटर आपण कधी कोरडी चालवली नसेल. पूजेचा किंवा साक्षीचा याच्याशी संबंध नाही. चाक आपल्या बंडीच्या खिशात आहे. नवे पुण्यात मिळेल. साक्षी तिच्या घरी आहे. आम्ही तिला भेटायला येऊ, न्यायला येणार नाही."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाताना मला दोनदा वाटलं की 'बंडीच्या खिशात' हे वाक्य जास्त झालं. ते खोडावं तर डाग पडला असता. मी कार्ड फटीत सरकवलं आणि सोडलं. ते आत पडल्यावर लक्षात आलं की वर तारीख घालायची राहिली. मग म्हटलं, ती टपालाचा शिक्का घालेल.