कासवाची भावंडं

मुलांच्या वॉर्डात एका आठवड्यात सात जणांची पोटं बिघडली आणि खापर फुटलं ते स्वयंपाकघरावर. मुलं दोन-तीन दिवसांत टुणटुणीत झाली, पण मुख्य डॉक्टरीणबाईंनी स्वयंपाकीणमावशींना घरी बसवलं. वीस वर्षांत मावशींच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतल्या ताईला हे पटेना. जंतूंची वंशावळ काढणं हेच तिचं काम. तिने स्वयंपाकघरातल्या फळ्या, सुऱ्या, अंडी, सगळ्यांचे नमुने घेतले. अंड्याच्या कवचावर मुलांच्या पोटातल्याच जातीचा जंतू सापडला.

"बघ! सापडला ना चोर?" बाई म्हणाल्या.

"आडनाव तेच आहे, पण घर वेगळं," ताई म्हणाली. "जंतू स्वतःच्या जनुकांची नक्कल करताना मधूनच एखादं अक्षर चुकतो. ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. सातही मुलांच्या जंतूंत चुका जवळजवळ सारख्या, म्हणजे ते जंतू सख्खी भावंडं. अंड्यावरचा शेकडो अक्षरांनी निराळा. त्याचा यांच्याशी संबंध नाही."

"मग आला कुठून?"

ताई सकाळभर वॉर्डात ठाण मांडून बसली. पायाला प्लॅस्टर घातलेली एक चिमुरडी कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीत हात घालून कासवाची पाठ खाजवत होती. मन भरल्यावर तिने तोच अंगठा खुशाल तोंडात घातला.

टाकीतल्या पाण्याच्या तपासणीचा निकाल आला: त्यातला जंतू मुलांच्या जंतूंचं सख्खं भावंड निघाला. मुलांचं मन रमावं म्हणून ते कासव पंधरा दिवसांपूर्वी खुद्द बाईंनीच आणलं होतं! पण न सांगून करते काय?

बाईंनी कागद दोनदा वाचला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्या खो-खो हसत सुटल्या आणि म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर."

तीन जिने चढून दोघी मावशींच्या दारात उभ्या राहिल्या. "मावशी, चुकले मी," बाई धापा टाकत म्हणाल्या. "माझंच कासव निघालं."

"अगंबाई! मग त्यालाही बसवा घरी चार दिवस."

"चार दिवस कसले? कायमचं माझ्या घरी. आणि तुम्ही उद्या या, पोरं तुमच्या हातच्या जेवणासाठी हटून बसलीत."

मावशींनी चहा टाकला, चष्मा लावला आणि वंशावळीचा कागद पुढ्यात ओढला. सात फांद्यांवरून बोट फिरवत त्या कासवापाशी आल्या.

"आणि माझी अंडी?"

"ती पार त्या टोकाला."

मावशींनी त्या टोकावर बोट टेकवलं. "तरीपण," त्या म्हणाल्या, "उद्यापासून दोन मिनिटं जास्तच उकडते."