राळ न घातलेले मेण

ज्याची सेवा करावी त्याच्याविषयीच मनात मत्सर उपजावा, याहून अवघड संकट माणसावर क्वचितच येते. कारण तेथे शत्रू बाहेर नसतो, तो आपल्याच अंतःकरणात हात जोडून उभा असतो. रिहे गावच्या नथू गुरवावर हे संकट आले, त्या वर्षी स्वातंत्र्याला एक तप झाले होते.

त्याचे चुलते कुशाबा सनई वाजवीत आणि नथू शेजारी बसून सूर धरी. सूर म्हणजे दुसरी सनईच. तिची भोके मेणाने बुजवलेली असतात, म्हणून ती एकच स्वर अखंड देत राहते. तीस वर्षे नथूने तो एक स्वर दिला. आदल्या वर्षी कुशाबांचे पुढचे दात पडले. सनईच्या तोंडच्या पत्तीवर ओठांचा दाब ठरेना, सुरावट वळेना. सरळ सूर मात्र छातीच्या बळावर निघे. तेव्हा चुलत्या-पुतण्याने घरातल्या घरात तोड काढली. मेण कुशाबांच्या सनईत भरायचे आणि भोके उघडी भासावीत म्हणून काजळीने काळे करायचे. त्यांनी बुजलेल्या भोकांवर बोटे नाचवायची, आणि खरी सुरावट नथूने हातांवर उपरणे ओढून, मान खाली घालून वाजवायची. गावालासुद्धा हे उमगले नाही.

पुण्यातील एका पेठेचे मंडळ दरवर्षी अनंत चतुर्दशीला या जोडीस बोलावी. नथूला ती मिरवणूक प्राणाहून प्रिय होती. पुढे बॅण्डवाले सिनेमाचे गाणे वाजवीत, मागे आखाड्यातील पोरे लेझीम खेळत, आणि मधूनच एक छापखानेवाला अंगभर लग्नपत्रिका चिकटवून नवरदेवाच्या ऐटीत नाचत जाई. खाचरांतील चिखल विसरून नथू हे सारे डोळ्यांत साठवी.

त्या वर्षी मिरवणुकीच्या दुपारी मंडळाचे प्रमुख जयसिंगराव येऊन म्हणाले, "कुशाबा, यंदा चौकात तुम्हाला शेला पांघरवायचा बरं का! तुमच्या बोटांत अजून काय गोडवा आहे हो!" मग नथूकडे वळून ते हसले, "आणि तू रे? तुझं बरं आहे बुवा. फुंकायचं आणि गप्प बसायचं!"

कुशाबांनी हात जोडले. पेठेतल्या देवळामागे बसून नथू मेण मळू लागला. मेण उन्हात मऊ पडू नये म्हणून त्यात राळ घालावी लागते. राळेची पुडी कनवटीला होती. ती त्याने बाहेर काढली नाही.

दिवेलागणीला मिरवणूक चौकात आली. जयसिंगरावांनी बत्तीवाल्यांना जवळ बोलावले आणि दोन बत्त्या कुशाबांच्या अगदी हातापाशी धरल्या गेल्या. सुरावट रंगात आली होती. लोक माना डोलावीत होते. इतक्यात बोटांच्या घर्षणाने आणि बत्तीच्या धगीने मेण ओघळले, एक भोक उघडले आणि सूर किंचाळून वर उडाला.

"काय हो गुरव, सनईला उचकी लागली काय?" गर्दीतून कोणी ओरडले. हशा पिकला.

जयसिंगराव संतापून नथूवर धावले. "तीस वर्षं एकच सूर धरायचा, तोही धरवत नाही तुला? म्हाताऱ्याच्या सोन्यासारख्या वादनाची माती केलीस!"

ज्या सुरावटीला ते सोने म्हणत होते, ती नथूच्या श्वासातून आली होती. एक वाक्य उच्चारले असते तर सारे उघड झाले असते. त्याने चुलत्याकडे पाहिले. कुशाबांनी ते उघडे भोक बोटाने दाबून धरले होते.

"चूक माझी हाय, रावसाहेब," नथू म्हणाला. "तात्यांची न्हाई."

लोकांनी तो त्याचा विनय मानला. नथूने अक्षरशः सत्य सांगितले होते, हे कुशाबांवाचून कोणास कळले नाही. शेला मात्र कुशाबांच्याच खांद्यावर पडला.

दुसऱ्या दिवशी घोटावड्याला एस.टी.तून उतरून दोघे रिह्याची वाट चालू लागले. बांधावर टेकल्यावर कुशाबा प्रथमच बोलले.

"मेनात राळ न्हवती."

"न्हाई घातली, तात्या."

"इसरलास?"

नथूने मान खाली घातली. खोटे सांगणे सोपे होते. "न्हाई."

कुशाबा खाचरांतल्या भाताकडे पाहत म्हणाले, "तीस वर्सांत एक डाव तरी तुला म्होरं बस म्हनायला हवं हुतं. मी बी इसरलो न्हवतो, नथ्या. दात पडल्यावर सुदीक म्हनलं न्हाई."

सायंकाळी महादेवाच्या आरतीला गाव जमले. कुशाबांनी शेला पिशवीतून काढलाच नाही. सर्वांसमक्ष ते सूर धरणाऱ्याच्या डाव्या जागी बसले, आपल्या सनईतले जुने मेण त्यांनी काढले, नवे मेण मळायला घेतले आणि हात पुढे केला. "राळ दे."

नथूने पुडी दिली आणि कुशाबांनी सर्वांदेखत भोके बुजवली. गाव कुजबुजू लागले. "व्हय, ह्योच वाजिवतोय वरीसभर," कुशाबा मोठ्याने म्हणाले, "म्होरं बी ह्योच वाजिवनार."

नथूचा पहिला श्वास पत्तीवर अडखळला; मनातली लाज अजून ओलीच होती. शेजारून सूर आला, सरळ आणि स्थिर, आणि त्याच्या आधाराने सुरावट हळूहळू उभी राहिली.

ज्याने उशिरा जागा दिली आणि ज्याने ती संकोचाने घेतली, त्या दोघांच्याही श्वासाला महादेव बळ देवो.