अडकलेला ‘आ’ आणि चाल्याचा शुक्रवार

मी टाइपरायटर बोलतोय. ओरुरो शहराच्या कोर्टासमोर, निळ्या छत्रीखालच्या टेबलावरचा. बोलतोय कसला, करवादतोय! वय पासष्ट. ‘आ’ अक्षराचा दांडा वर गेला की खाली यायचं नाव घेत नाही, आणि ‘आ’शिवाय इथे एक ओळ पुरी होत नाही.

तरुणपणी मी खाणीच्या कचेरीत मजुरांच्या हजेऱ्या छापल्या. नंतर मला भंगारात काढलं, तेव्हा दोन्या होर्तेन्सियाने, म्हणजे होर्तेन्सियाबाईने, पाठीवरच्या गाठोड्यात बांधून घरी नेलं. तीस वर्षं आम्ही दोघं गावाकडच्या माणसांचे अर्ज लिहितोय.

बाई गुणाची, पण तिचं प्रेम मला भोवतं. कार्निव्हलच्या आधीच्या शुक्रवारी इथे जो तो आपल्या हत्याराचा चाल्या करतो, म्हणजे दारू शिंपडून पूजा. ट्रकवाला चाकांना दारू पाजतो, सुतार करवतीला. माझ्या नशिबी बिअर आणि वर मूठभर रंगीत कागदाचे कपटे. बिअर खाचांत सुकून चिकट होते, कपटे आत रुततात, आणि पुढे वर्षभर मी अडखळतो.

यंदा तिची लेक एल्विरा परदेशात इंजिनिअर होऊन परतली. “आई, यंत्राला विज्ञान लागतं, बिअर नाही!” असं तिने ठणकावलं. मी मनात टाळ्या वाजवल्या. मग तिने माझ्या खाचांत शिलाई मशीनचं तेल ओतलं. तेलाने धूळ धरली, धुळीने कपटे. चार दिवसांत आत नुसती खळ झाली!

आणि नेमके चाल्याच्या शुक्रवारी खेड्यातले तोरीबियो बाबा आले. खाणीचं पाणी त्यांच्या गावच्या ओढ्यात सोडायचं ठरलं होतं. हरकत घ्यायचा तो शेवटचा दिवस, आणि चाल्यामुळे कोर्टाची अर्ज घ्यायची खिडकी बाराला बंद होणार. कोपऱ्यावरचं छपाईचं दुकान सकाळपासूनच बंद होतं. हाताने लिहिलेला अर्ज खिडकीतला कारकून घेत नाही.

पहिल्याच ओळीत ‘आ’ अडकला. होर्तेन्सियाने बोटाने खाली ओढला. पुन्हा अडकला. अकरा वाजून गेले.

“विज्ञान म्हणे!” होर्तेन्सिया फणकारली.

“तुझ्या तीस वर्षांच्या बिअरचं काय?” एल्विरा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

“भांडू नका गं पोरींनो,” तोरीबियो बाबा म्हणाले. “आज त्याला पाजलंच नाही तुम्ही. रुसणार नाही तर काय!” आणि अंगावरच्या पोंचोखालून बाटली काढून त्यांनी सरळ माझ्या पोटात ओतली.

“बाबा, नको!” एल्विरा किंचाळली. मग तिने वास घेतला. “ही बिअर नाही?”

“बिअर म्हाताऱ्यांना! हा निव्वळ अल्कोहोल. धरणीमातेला आम्ही हाच देतो.”

“ओता! अजून ओता! याने खळ सुटते!” असं म्हणत तिने पिशवीतून आपला दात घासायचा ब्रश काढला आणि खाच न् खाच घासली. काळं तेल, जुनी साखर, गेल्या कितीतरी कार्निव्हलांचे गुलाबी कपटे वाहून टेबलाखाली गेले. जिवाची आग झाली माझ्या. पण ‘आ’ वर गेला आणि खट्कन खाली आला!

मग मी धावलो. ज्या खाणीच्या हजेऱ्या छापल्या, तिच्याच विरुद्ध दोन पानं छापली, जराही खाडाखोड न करता. बाराला चार मिनिटं असताना शिक्का बसला. तोरीबियो बाबांनी तो कागद टोपीत घालून टोपी डोक्यावर घट्ट दाबली.

इथे थांबलं असतं तर बरं होतं. पण आनंदाने वेडी झालेली एल्विरा, तीच, विज्ञानवाली, पळत जाऊन बिअर घेऊन आली. “पी, राजा, पी!”

आज सोमवार. कोर्टाला कार्निव्हलची सुट्टी. मी घरी फडक्याखाली पडून आहे, आणि ‘आ’ पुन्हा वर अडकलाय.

लोकहो, जुना झालो म्हणून मला काचेच्या कपाटात मात्र ठेवू नका. ओढ्याच्या सुनावणीची तारीख लागली, की तोरीबियो बाबा पुन्हा येतील. येताना ती बाटली तेवढी आणा म्हणावं.