चाकावरचा डबा

मित्रांनो, बॉयलरच्या डोक्यावर उलट्या डोंगरासारखे जे लोखंडी पोट लोंबकळताना दिसते ना, तो मी. मी एक जुना कोळशाचा हॉपर आहे. वर रुंद, खाली निमुळता आणि शेवटी एवढासा गळा. वरच्या फिरत्या पट्ट्यावरून आलेला कोळसा माझ्या पोटात पडतो, गळ्यातून खाली फीडरवर उतरतो आणि फीडर तो हळूहळू भट्टीत नेऊन टाकतो. एवढेच माझे काम. त्यात कौतुकाने ऐकावे असे काही आहे की नाही, कोण जाणे. मला बोलण्याची सवयही नाही. आयुष्यभर लोकांनी मला ठोकले, विचारले कुणीच नाही. तेव्हा सांगताना कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या. अडखळणे हा तसाही माझाच दोष मानला जातो.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. मला जोडणारा वेल्डर वयस्कर होता, खोकत खोकत काम करायचा. बाहेरच्या जोडांकडे त्याने फारसे लक्ष दिले नाही. पण आतला प्रत्येक जोड घासून घासून त्याने आरशासारखा केला. मग दिवा घेऊन तो माझ्या पोटात उतरला आणि आईने तापलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा हात भिंतींवरून फिरवत राहिला. "बाहेरून कसाही दिसू दे," तो आपल्या सोबत्याला म्हणाला, "कोळसा आतून जातो." ते वाक्य मी पोटात ठेवले. पुढे तिथे पुष्कळ काही साचले, पण ते वाक्य तेवढे राहिले.

सुरुवातीची वर्षे सुखाची होती. कोळसा जाड, कोरडा, सुपारीएवढ्या खड्यांचा यायचा आणि माझ्या अंगावरून खळाळत घसरायचा. खाली भट्टी पोटभर जेवायची, वाफ शेजारच्या गिरणीत जायची आणि तिथे ताग्यांवर तागे कापड रंगायचे. पाहुणे आले की साहेब माझ्या अंगावर थाप मारून म्हणायचे, "हा आमचा गुणी गडी. कधी तक्रार नाही." मित्रांनो, कधी तक्रार न करणाऱ्याकडे कुणी बघत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मग कोळसा बदलला. खड्यांच्या जागी भुगा येऊ लागला, भुग्यात माती येऊ लागली. आवारातल्या ढिगावरचे छप्पर एका वादळात उडाले ते उडालेच. पावसात भिजलेला कोळसा तसाच पट्ट्यावर चढू लागला. ओली माती आणि भुगा म्हणजे चिखलच की तो. तो घसरत नाही, चिकटतो.

आणि एके दिवशी तो माझ्या गळ्याशी अडला. कण एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कमान बांधली. कमानीखालचा कोळसा निघून गेला, वरचा जागचा हलेना. वरून भरलेला, मध्ये पोकळ. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात भयंकर अवस्था आहे. आणि ती बाहेरून कुणाला दिसत नाही.

तेव्हा एक फिटर पुढे आला. दणकट, मिशाळ, गडगडाटी हसणारा. त्याने घण उचलला आणि माझ्या कुशीत एक असा ठेवून दिला की कमान कोसळली, कोळसा धाडकन खाली आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून त्याचे नाव घणदादा पडले.

पण जिथे बाहेरून पोचा पडला, तिथे आत उंचवटा आला. वेल्डरने आरशासारख्या केलेल्या भिंतीवर कोळशाला बसायला पाट मिळाला. पुढच्या वेळी तो तिथेच अडला. पुन्हा घण, पुन्हा पोचा, पुन्हा नवा पाट. दुखण्यावर औषध म्हणून जे देत होते, त्यानेच दुखणे वाढत होते. नंतर कुणीतरी माझ्या अंगावर थरथरणारी एक मोटर बसवली. गळा उघडा असताना ती चालवली असती तर उपयोग झाला असता. पण ती बंद गळ्यावरही चालूच राहायची. घरी पीठ भरताना डबा आपटून आपटून दाबून भरतात ना, तसा तिने माझ्या पोटातला चिखल ठासून बसवला. लोक मला अडेलतट्टू म्हणू लागले. ओल्या कोळशाला कुणी नाव ठेवले नाही.

आता घणदादांच्या व्याह्यांबद्दल सांगतो. ते माझ्या पायथ्याशी बॉयलर सांभाळत. किडकिडीत, काळजीखोर, सारखे दाबाच्या काट्याकडे बघणारे. घणदादांची एकुलती एक लेक यांच्या मुलाला दिलेली. घणदादांची बायको वारलेली, म्हणून ती लेक सकाळी दोन डबे भरायची: एक सासऱ्यांचा, एक वडिलांचा. डबे एकाच दुकानातले, एकाच मापाचे, जुळ्या भावांसारखे. फरक होता तो आत. रक्तदाबामुळे घणदादांना डॉक्टरांनी मीठ बंद केले होते.

त्या दोघांची एक रीत होती. अडलेला कोळसा ढोसायला कुणी माझ्या माथ्यावर चढला, तर खालच्या गळ्याची झडप बंद हवी आणि ती कुणी उघडता कामा नये. त्यासाठी झडपेच्या चाकाला कुलूप असायचे. त्याची किल्ली हरवली. नवी मागवायचे राहून गेले. तेव्हापासून घणदादा चढताना आपला डबा त्या चाकाला लटकवत. डबा चाकावर आहे म्हणजे घणदादा वर आहेत. चाकाला हात लावायचा नाही.

"कुलूप कशाला हवंय?" ते म्हणायचे. "माझ्या डब्याला कोण हात लावतंय? बिनमिठाचं खायची हौस आहे कुणाला?"

वर्षानुवर्षे ती रीत चालली. कधी चुकली नाही म्हणून सगळ्यांना वाटू लागले, की ती चुकणारच नाही.

त्या दिवशी सकाळपासून माझा गळा बंद होता. कोळसा इतका ओला, की पट्ट्यावरून पाणी ठिबकत होते. भट्टीतली आग उपाशी पडू लागली, दाबाचा काटा खाली येऊ लागला.

"व्याही, काटा उतरतोय," बॉयलरवाले म्हणाले.

"उतरू द्या. आपलंही उतरायचं वय झालंच की."

"चेष्टा नको हो. साहेबांचा फोनावर फोन येतोय. तिकडे रंगात कापड अडकलंय म्हणे."

"मग सांगा त्यांना, हॉपरला बद्धकोष्ठ झालंय. वैद्य निघालाय औषध घेऊन."

औषध म्हणजे घण. त्यांनी मला इतके ठोकले, की माझे सगळे अंग गुणगुणत राहिले. पण कोळसा ढिम्म हलला नाही. शेवटी त्यांनी झडप बंद केली, चाकाला डबा लटकवला, लांब सळई खांद्यावर टाकली आणि शिडी चढू लागले. सळईच्या मुठीला लेकीने जुन्या निळ्या कापडाची पट्टी गुंडाळून दिली होती, हाताला फोड येऊ नयेत म्हणून.

बॉयलरवाले आग बघायला भट्टीच्या मागच्या बाजूला गेले. तेवढ्यात पट्ट्यावरच्या मावशी खाली आल्या. त्या दुसऱ्या शेडमधून नुकत्याच इकडे बदलून आलेल्या. त्यांना डब्याची रीत कुणी सांगितली नव्हती. रीत कागदावर नव्हती, भिंतीवर नव्हती. फक्त दोन व्याह्यांच्या डोक्यात होती.

"बाई बाई, अन्नाचा डबा धुळीत टांगलाय," मावशी पुटपुटल्या. "या पुरुषांना कदर म्हणून नाही." त्यांनी डबा काढला, पदराने पुसला आणि बॉयलरवाल्यांच्या टेबलावर नीट ठेवला. मग चांगले काम केल्याच्या समाधानात त्या बाहेर जाऊन बसल्या.

मी सगळे बघत होतो. मित्रांनो, लोखंडाला तोंड असते, जीभ नसते.

बॉयलरवाले परत आले. चाक मोकळे. टेबलावर डबा; तो त्यांना आपलाच वाटला, सकाळी आपणच काढून ठेवलेला. 'व्याही डबा घेऊन उतरले वाटतं,' ते स्वतःशीच म्हणाले, 'हात धुवायला गेले असतील. आज माझ्यासोबत जेवायचा बेत दिसतोय.' फोन पुन्हा वाजू लागला. त्यांनी चाक फिरवून झडप उघडली आणि फीडर चालू केला.

आता नीट ऐका. झडप बंद होती तोवर कमानीखाली थोडा सुटा कोळसा साचला होता. त्या कोळशाने कमानीला खालून हात दिला होता. फीडर फिरू लागला आणि तो हात निघून गेला. माझ्या पोटात अंधारी पोकळी वाढू लागली, आणि तिच्या वरच्या पापुद्र्यावर घणदादांनी माझ्या आतल्या शिडीवरून पाय ठेवला.

पडू नये म्हणून कमरेला बांधायचा पट्टा शिडीजवळच हुकाला लोंबत होता. त्याचा दोर आखूड पडतो, मधोमध पोचत नाही, म्हणून तो नेहमीच तिथे लोंबत असायचा.

"दगड झालाय मेल्याचा," असे म्हणत घणदादांनी टाच आपटून पाहिली. कोळसा टणक लागला. ते आणखी पुढे सरकले आणि सळई खुपसू लागले. प्रत्येक घावासरशी कमान शहारत होती. तिला आता कुणी धरले होते? माझ्या अंगावरच्या पोच्यांनी. ज्या पोच्यांचा मी आयुष्यभर तिरस्कार केला, त्यांनाच मी विनवत होतो, की बाबांनो, अजून थोडे धरा.

खाली बॉयलरवाले वाट बघत होते. फीडरवर कोळसा नव्हता, व्याही येत नव्हते. अस्वस्थ माणूस काहीतरी चाळा करतो. त्यांनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावून तोंडात टाकला.

चावता चावता त्यांचा जबडा थांबला.

भाजीला मीठ नव्हते. म्हणजे डबा व्याह्यांचा, आणि तो घेऊन ते खाली उतरलेच नव्हते.

खुर्ची उलटी पडली. त्यांनी फीडर बंद केला, माझ्या गळ्याजवळची पाहणीची खिडकी उघडली आणि आत तोंड घालून ते ओरडले, "व्याही! हलू नका! शिडी धरा, शिडी!"

घणदादांनी तो आवाज ऐकला. कानांनी नव्हे, तळपायांनी. पायाखाली कोळसा भरलेला असता तर आवाज तिथून आलाच नसता. तो आला, याचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ते मागे झेपावले आणि शिडीच्या दांड्याला त्यांची बोटे लागली, न लागली, तोच माझ्या सगळ्यात जुन्या पोच्याची पकड सुटली. तोच, ज्याने त्यांना नाव दिले होते.

सगळे कोसळले. मी मुळापासून हादरलो. काळ्या धुळीने खालची खोली भरून गेली. उपाशी भट्टीवर तो सगळा ढीग एकदम गेला असता तर आग उलटून बाहेर आली असती. फीडर बंद होता म्हणून ते टळले. धूळ थोडी बसली तेव्हा बॉयलरवाल्यांनी खिडकीत बघितले. कोळशातून सळईची मूठ बाहेर आली होती. निळ्या पट्टीसकट.

त्यांनी ती पट्टी हातात धरली. "व्याही," ते म्हणाले. मग आणखी हळू, "व्याही." मावशी दारात तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. 'संध्याकाळी सुनेला काय सांगू?' हा प्रश्न बॉयलरवाल्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता आला, आणि मला वाचता येत नाही.

कितीतरी वेळाने वरून खोकला ऐकू आला. मग चिरका, ओळखू न येणारा आवाज.

"अहो... माझा डबा खाल्लात की काय?"

"एकच घास," बॉयलरवाले म्हणाले. "कसं खाता हो हे रोज?"

घणदादा वाचले; पण शिडीला लोंबकळताना त्यांचा खांदा निखळला, आणि घण पुन्हा त्यांच्याने उचलला नाही. ते घरी बसले. साहेब आले, माझ्याभोवती फिरले. ढिगावर छप्पर घालू, पोचे काढू, आतून गुळगुळीत पत्रा बसवू, असे ठरले. नवे कुलूप मात्र त्याच आठवड्यात आले.

मित्रांनो, माझी विनवणी एवढीच आहे. जो अडतो त्याला ठोकण्याआधी त्याच्या पोटात काय घातले ते बघा. वरून भरलेल्या गोष्टीवर पाय ठेवू नका. आणि माणसाचा जीव रीतीच्या भरवशावर सोडू नका. रीत ज्याला ठाऊक नाही, असा एखादा भला माणूस कधीतरी येतोच.

छप्पर अजून आलेले नाही. पत्राही नाही. घणदादांच्या जागी नवा फिटर आला आहे. माझ्या अंगावरचे पोचे बघून त्याने घण कुठे मारायचा ते पहिल्याच दिवशी ओळखले. कुलूप चाकाला लावलेले असते. त्याची किल्ली हरवू नये म्हणून शेजारच्याच खिळ्याला टांगलेली असते, सगळ्यांच्या हाताशी.

आज सकाळी पट्ट्यावरून पुन्हा पाणी ठिबकत होते. नवा फिटर सळई घेऊन शिडी चढतो आहे. वरून मी काठोकाठ भरलेला दिसतो.