रोटाशेजारचं पाकीट

लोक कुणाचं ऐकतात हे शोधून काढायचं, अशी हेमांगीची जळगावात नोकरी होती. तिच्या पदाचं नाव एवढं लांबलचक, की कार्डावर मावायचं नाही. एखाद्या कंपनीला माल खपवायचा असला, की मोबाइलवर ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस ती हुडकून द्यायची. धरणगावला आईला तिने हे समजावून सांगितलं, तेव्हा इंदिराबाई म्हणाल्या, "म्हंजे सोयरीक जमाडानं काम शे." हेमांगीला हसू आलं. पण त्यात चूक काही नव्हतं.

पुण्याच्या एका आटा कंपनीला खान्देशातले आघाडीचे इन्फ्लुएन्सर हवे होते. साहेबांनी, म्हणजे जितेंद्र सरांनी, लगेच दोन-तीन नावं सांगितली. एकजण बुलेटवरून डायलॉग मारायचा, एक मुलगी लग्नाच्या गाण्यांवर नाचायची. फॉलोअर लाखांनी. हेमांगीला ते पटेना. जत्रेत पाळण्याभोवती गर्दी लोटते, म्हणून कुणी पाळणेवाल्याला विचारून पोरीचं लग्न ठरवत नाही. ती फॉलोअर मोजतच नसे, खालच्या कमेंट वाचायची. नाचणारीच्या खाली नुसते बदाम आणि आगीच्या ज्वाळा. मग एका दुपारी तिला ‘भागाअक्कानी चूल’ सापडली.

दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली ही भागाबाई. डोक्यावर पदर, पुढ्यात चूल, आणि सून नूतन मोबाइल धरायची. तिच्या व्हिडिओखाली कुणीतरी विचारलेलं असायचं, "अक्का, मन्ही भाकर तव्यावर चिरस, काय करू?" अक्का पुढच्या व्हिडिओत त्या बाईचं नाव घेऊन सांगायची, पीठ मळताना पाणी कसं घ्यायचं ते. आणि तीच बाई परत येऊन टम्म फुगलेल्या भाकरीचा फोटो टाकायची. फॉलोअर थोडेच, पण अक्का म्हणाली की बाया ऐकत होत्या. हेमांगीने सरांपुढे हे सगळं मांडलं. त्यांनी आधी नाक मुरडलं, मग कंपनीला दाखवलं, आणि कंपनी खूश झाली. हेमांगीला पुढच्या महिन्यापासून टीमची प्रमुख करायचं ठरलं. ती हवेत होती आणि तिथे असायचा तिला हक्कही होता. माणसं ओळखण्यात ती खरंच हुशार होती.

पण बैठकीत कंपनीने एक अट घातली. श्रावण तोंडावर आलाय, तुमच्याकडे ते कानबाईचे रोट करतात ना, मग त्याचाच व्हिडिओ हवा. रोट आणि शेजारी आमच्या आट्याचं पाकीट.

कानबाई ही खान्देशातली देवी, श्रावणात एका रविवारी घरी बसवतात; हेमांगी अशाच घरची मुलगी. रोटाचं पीठ कुठून येतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. भाऊबंदातल्या प्रत्येक घरातून, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने, अगदी पाळण्यातल्या पोराच्याही नावाने, सव्वा सव्वा मूठ गहू मोजून जिच्याकडे कानबाई बसते तिच्याकडे जातात. ती बाई ते सोवळ्याने दळते. त्याच्याच जाड पोळ्या, म्हणजे रोट, होतात, ते भाऊबंदच खातात, परक्याला घासही द्यायचा नाही आणि कण टाकायचाही नाही. त्या पिठाशेजारी कंपनीचं पाकीट ठेवणं म्हणजे काय, हे तिथे बसलेल्यांपैकी एकट्या हेमांगीला कळत होतं. एवढं एक वाक्य तिने बोलायला हवं होतं. पण तिचं कौतुक नुकतंच होऊन गेलं होतं, कौतुकाची चव जिभेवर होती, आणि बाईसाहेब मिठाची गुळणी धरून बसल्या.

व्हिडिओच्या दिवशी ती स्वतः अक्काच्या गावी गेली. ऑफिसात छापील मराठी बोलणारी हेमांगी अक्काशी घरच्या बोलीत बोलायची, म्हणून अक्का तिच्यावर भाळली होती. धरणगावची, कानबाईच्या घरची, म्हणजे आपलीच पोर. भाऊबंदांची कानबाई अक्काच्याच घरी बसायची; तिने पाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"हाई कानबाईले चाली का पन?"

"चालस अक्का," हेमांगी म्हणाली. "आमनाकडे आते बठ्ठा आसंच करतस. पाकीट नुसतं बाजूले ठेवानं, पीठ तुमनंच."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. धरणगावात असं कुणी करत नव्हतं. अक्का क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "तू सांगस त्ये बरोबरच राही." आणि तिने पाकीट परातीशेजारी ठेवलं.

नागपंचमीला जाहिरात आली. अक्का रोट थापतेय, पाकीट शेजारी, आणि वर कंपनीने आपल्या मनाने ओळ टाकलेली: ‘यंदा अक्काच्या घरी कानबाईचे रोट आमच्याच आट्याचे.’ हेमांगीने सरांना फोन केला, ती ओळ काढा म्हणून. सर म्हणाले, "अगं, किती फिरतेय बघ! चालतंय ते बंद कशाला करायचं?" तिने परत आग्रह धरला नाही. आपण सांगून पाहिलं, असं ती स्वतःला म्हणाली, आणि तेही तिला पटलं नाही.

रविवारी धरणगावच्या घरी कानबाई बसली. सोमवारी सकाळी विसर्जनाला बाया गाणी म्हणत निघाल्या, तेवढ्यात नूतनचा फोन आला.

"ताई, काल बठ्ठा भाऊबंद घर ऊनात, कानबाईना पाया पडनात, आन निंघी गयात. रोटले कोनी हात लावा नही. कोनी म्हने पोट भरेल शे, कोनी म्हने उपास शे. कानबाईपुढे कसाना उपास, ताई?"

हेमांगी मिरवणुकीतून बाजूला झाली, स्टेशनवर गेली आणि दोंडाईच्याच्या गाडीत बसली. डब्यात समोरच्या दोन बाया मोबाइलवर तीच जाहिरात बघत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "दख, पैसासाठे कानबाई भी इकी टाकी हिनी." हेमांगी खिडकीबाहेर बघत राहिली. विकणारी आपण होतो, हे त्या बाईला ओरडून सांगावंसं तिला वाटलं.

अक्काच्या घरी रोटांची चळत टोपलीत तशीच होती. उखर्डू आबा, अक्काचा नवरा, दुधात रोट कुस्करून सावकाश खात बसले होते. त्यांना दात कमी, तरी खात होते. पौर्णिमेच्या आत हे सगळं घरातल्यांनीच संपवायला हवं होतं. अक्काने वर बघितलं. रागाचं नावही नव्हतं, आणि तेच हेमांगीला सोसवेना.

"अक्का, मी खोटं बोलनू," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "आमनाकडे आसं चालत नही. माले माहीत व्हतं."

आबांचा हात वाटीत थांबला. नूतन भिंतीला टेकली.

"माले वाटनंच व्हतं," अक्का म्हणाली. "पन कानबाईनं नाव लिसन कोनी खोटं कसाले बोली, आसं म्हननू मी. मन्हं भी चुकनं."

"तुमचं नाही, अक्का. माझं." हेमांगी रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, मी तुमच्या चॅनेलवर सगळ्यांना सांगते. पीठ घरचंच होतं, पाकीट मी ठेवायला लावलं.

"नको," अक्का म्हणाली. "मोबाइलवर आते काहीच नको. सांगनं व्हई तं छगननानाले जाईसन सांग. त्यान्हं बठ्ठा आयकतस."

छगननाना भाऊबंदात सगळ्यात वडील. ओट्यावर बसून दोर वळत होते. हेमांगी समोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. व्हिडिओतलं पीठ अक्काच्या घरचं होतं, कालचे रोट भाऊबंदांच्याच गव्हाचे, पाकीट फोडलंसुद्धा नव्हतं, ती ओळ कंपनीने टाकली, आणि चालतं असं अक्काला आपणच सांगितलं. नानांनी दोर वळायचं न थांबवता ऐकून घेतलं.

"मन्हा नातू औंदा झाया," ते म्हणाले. "त्यान्हा नावना पहिला गहू मी सोता मोजीसन दिनात. त्या गहूस्ना रोट माले खावाना व्हतात. तुले वाटस माले बरं वाटनं उठी येवाले?"

"म्हणूनच सांगते नाना, ते गहू वाया नाही गेले. रोट त्याचेच आहेत. चला ना, खा."

"आन हाई कोन सांगस माले? तू." नानांनी आता कुठे तिच्याकडे पाहिलं. "जी पोर कानबाईनं नाव लिसन खोटं बोलनी, तिन्हं मी आज खरं कसं मानू?"

कुणाचा शब्द कुठे चालतो हे ओळखायचं हेमांगीचं काम, आणि आपला शब्द या गावात कुठेच चालणार नाही हे तिला ओट्यावरच्या म्हाताऱ्याकडून कळलं. तिने त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

ती परत आली तेव्हा अक्का स्वतः रोट खायला बसली होती. कोरडाच, पाण्याच्या घोटाबरोबर. नाना आले नाहीत, हे सांगायची गरज पडली नाही. हेमांगी तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि टोपलीकडे हात केला.

"अक्का, माले द्या. मी खाई लेस. जेवढा व्हतीन तेवढा खास."

अक्काने टोपली हळूच आपल्याकडे ओढली.

"नही देवाय, बाई. तू आमना भाऊबंदमजारनी नही."

मग तिने हातातला तुकडा ताटलीत ठेवला, हात धुतले, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चूल पेटवायला लागली. हेमांगी नको नको म्हणत राहिली. अक्का म्हणाली, "सकायनी उपाशी शे तू, तोंड दख कसं व्हई गय. घर येल मानूसले उपाशी धाडू का?"

तिने भाकर थापली, भाजली, वर ठेचा घातला आणि ताटली हेमांगीपुढे सरकवली. स्वतः पुन्हा टोपलीशी बसली आणि रोटाचा तुकडा मोडला. आबा मोडत होते, नूतनही येऊन मोडायला लागली. तिघं घरचे शिळे रोट चावत होते, आणि हेमांगीच्या हातात गरम भाकर होती. तिला तो घास गिळवेना. पण अक्का बघत होती, म्हणून तिने गिळला.